लाइट आली की चालणारी मशीन

भूत आलंच तर रात्री यावं, अशी आपली सगळ्यांची समजूत असते. आमच्या वावरातलं प्रकरण मात्र भर दुपारचं होतं. सौसरहून मोहगावकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची संत्र्याची लहानशी बाग आहे. बागेत दोन खोल्यांचं घर, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर टिनाची शेड. दुपारी ऊन असं तापायचं की पाखरूही बोलायचं नाही. अशा वेळी त्या दार लोटलेल्या शेडमधून एकाएकी आवाज उठायचा. आधी एक झटका, मग चढत जाणारी घूंऽऽ, मग एकसुरी किंचाळी. लाकूडकाम करणाऱ्याला तो आवाज झोपेतही ओळखू येईल. तो राउटर मशीनचा आवाज होता. ती मशीन माझ्या मोठ्या भावाची, आणि त्याला जाऊन तेव्हा अख्खा पावसाळा उलटून गेला होता.

मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा विहिरीच्या काठावर बसून संत्रं सोलून राहिली होती. वहिनी घरात आडवी झालेली. दुसरं माणूस बागेत नाही. शेडच्या दाराशी दादाचा कुत्रा पडला होता. तो उठला, अंग झटकलं, आणि दाराच्या फटीतून आत पाहत शेपटी हालवायला लागला. भुंकला असता तर मला बरं वाटलं असतं. शेपटी हालवली, तेच वाईट झालं. 

आता मी काही भुताखेताला भिणारी बाई नाही. पांढुर्ण्याला सरकारी ऑफिसात बाबूगिरी करते, आणि पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथं एवढी गर्दी आहे की भुतानं अर्ज दिला तरी त्याला पुढच्या महिन्यात ये म्हणतील. शिवाय आम्ही बौद्ध. लहानपणापासून ऐकत आलो, आत्मा नाही, भूत नाही, मेलेला माणूस कुठं जात नाही नि कुठून येत नाही. हे मला तोंडपाठ आहे. त्या दुपारीही तोंडपाठच होतं, फक्त अंगावरचा काटा काही केल्या बसून नव्हता राहिला.

आधी ती मशीन काय होती ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. दादा जातीचा सुतार नव्हता, हातानं सुतार झाला. नागपूरला फर्निचरच्या कारखान्यात काही वर्षं राहिला आणि परत येऊन बागेतच शेड टाकली. दारं, चौकटी, फोटोच्या फ्रेमा, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, जे म्हणाल ते करायचा. राउटर म्हणजे हातात धरून चालवायची मशीन. तिच्या तोंडाशी एक लहानसं पातं असतं, ते गरगर फिरून लाकडाच्या कडा गोल करतं, खाच पाडतं. दादानं ती उलटी करून टेबलाखाली बसवली. कुणाच्या तरी मोडलेल्या किचनमधला सनमायका लावलेला जाड प्लाय आणला, मधोमध भोक पाडलं, त्यातून फक्त पातं वर डोकावेल असं. मागं एक सरळ फळी आडवी लावली. मग मशीन धरायची गरज नाही, लाकूडच त्या फळीला टेकवून पात्यावरून सरकवायचं. लाकूड उडू नये म्हणून बाजूनं दाबून धरणारी कंगव्यासारखी पट्टीही त्यानं स्वतःच कापली होती.

सुटीच्या दिवशी मी गेली की मला शिकवायचा. शिकवणं म्हणजे निम्मं शिव्या देणं. ओढणी बाहेर, बांगड्या बाहेर, केस बांध, चष्मा लाव. हातमोजा मागितला तर खेकसला, म्हणे मोजा पात्यात ओढल्या जाते, अन् मोज्यात कोनाचा हात असते? लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडं द्यायचं, पात्याच्या तोंडावर. उलटं दिलं तर मशीन ते हिसकून नेते, मागोमाग बोटंही जातात. लहान तुकडा हातानं सरकवायचा नाही, ठोकळ्यानं ढकलायचा. एका दमात खोल खाच पाडायची नाही, थोडं थोडं खाऊ द्यायचं. आणि पातं बदलायचं असेल तर आधी प्लग काढून डोळ्यासमोर टेबलावर ठेवायचा, मगच पान्याला हात. मी कंटाळून मान डोलवायची. पण एक गोष्ट त्यानं अशी सांगितली की ती डोक्यात बसली. ते पातं पूर्ण वेगात आलं की दिसतच नाही. भोकाच्या वर रिकामी जागा वाटते, जराशी थरथरणारी.

"पोट्टे," तो म्हणाला, "जे दिसून नाई राह्यलं त्यालेच भ्यायचं."

एवढा जपणारा माणूस, आणि एक काम त्यानं असं करून ठेवलं होतं की ते आमच्याकडचा संत्रेवालाच करेल. वावरातली लाइट तिच्या मर्जीनं येते, तिच्या मर्जीनं जाते. तिची वाट पाहत कोण बसेल? म्हणून आमच्याकडं विहिरीवरची मोटर ऑटोवर टाकून ठेवतात. लाइट आली की मोटर आपोआप उचलते, बागेला पाणी लागतं, मग माणूस कुठं का असेना. खटका बंद ठेवला की पाणी चुकलं, आणि पाणी चुकलं की बहार गळाला. त्यामुळं हातालाच वळण पडतं, लाइट जावो की येवो, चालू आहे ते चालूच राहू द्यायचं. बंद करणारा येडा. शेडची लाइन दादानं त्याच मोटरीच्या पेटीतून घेतली होती. राउटरचं बटन टेबलाखाली, रोज वाकून कोण दाबेल, म्हणून ते दाबून कायमचं अडकवलेलं. भिंतीवरचा खटका जळाला तेव्हा तोही काढून टाकला. प्लग लावला की मशीन चालू, काढला की बंद. चालत्या कामात लाइट गेली तर प्लग काढायचं त्याच्या मनातसुद्धा येत नसे. मी एकदा टोकलं तर हसला, म्हणाला लाइट आली की मशीनच मला हाक मारते, तवरक मी निंबाखाली पडतो.

तो गेलाही असाच पडलेला असताना. उन्हाळ्यात फ्रेमांचं काम चालू होतं, खाच पाडता पाडता लाइट गेली. फळी तशीच मशीनवर ठेवून तो शेडच्या मागं निंबाखाली जाऊन पडला आणि उठलाच नाही. छातीचा झटका. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले असतील. दरम्यान लाइट आली होती, मशीन आपोआप चालू झाली होती, आणि कंगव्याच्या पट्टीनं दाबून धरलेली फळी एकाच जागी जळत राहिली होती. जळका वास आला म्हणून वहिनी शेडमध्ये गेली, प्लग काढला, मग मागं जाऊन पाहिलं. शेजारच्या वावरवाल्यानं मला फोन केला. मी पोचली तोवर शेडमध्ये धूर नव्हता, पण जळक्या सागवानाचा वास होता. तो वास घेतला आणि मला दादाचा राग आला. असा राग की त्याला उठवून दोन शब्द ऐकवावे. एवढे नियम सांगायचा दिवसभर, आणि छातीत दुखतं एवढं सांगता नाही आलं.

वहिनी रडली नाही. जलदानविधीच्या, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याच्या दिवशी भंतेजींचं भोजन, पाहुण्यांचं पाणी, पत्रावळी, सगळं तिनं उभं राहून केलं. बाया आपसात कुजबुजल्या, हिच्या डोळ्यात पाणी कसं नाही. मला त्या बायांचाही राग आला. कोणी रडो न रडो, तुमच्या पानात वाढलं ना, जेवा गुपचूप. पण खरं सांगायचं तर मलाही ते खटकलं होतं. तिला लेकरूबाळ नाही, माहेरी कोणी उरलं नाही. दादाशिवाय तिचं होतं कोण? मी दर शनिवारी पांढुर्ण्याहून बस धरून येऊ लागली. ती स्वयंपाक करायची, विचारलं तेवढं बोलायची, आणि दुपारी आडवी व्हायची.

तर त्या पहिल्या दुपारी, कुत्रा शेपटी हालवत असताना, मी शेडमध्ये गेली. दार ढकललं. आत बल्ब लागलेला, मशीन चालू, समोर कोणी नाही. टेबलाच्या भोकावर ती रिकामी थरथरणारी जागा. माझं लक्ष भिंतीकडं गेलं. प्लग लावलेला होता. मी तो उपसला आणि मोठ्यानं हसली, एकटीच. धत्, एवढंच! काल-परवा कोणीतरी काही शोधायला आत आलं असेल आणि बल्बसोबत प्लगही लावून गेलं असेल. लाइट आली, मशीन चालली. वायरीचं वेटोळं करून मी ते वरच्या खिळ्याला अडकवलं आणि जेवताना वहिनीला सगळं हसून सांगितलं. ती मान हालवून म्हणाली, हाव.

पुढच्या शनिवारी बागेत संत्रं तोडाई चालू होती. बोरगावकडच्या बाया आल्या होत्या, झाडाखाली ढीग लागून राहिले होते. दुपारी लाइट नव्हती. वहिनी माझ्यासमोर चुलीशी भाकरी थापत बसलेली. विहिरीवरची मोटर गुरगुरली, लाइट आली, आणि शेडमधून ती किंचाळी उठली. हातातली भाकरी ताटात टाकून मी उठली. वायर मी स्वतः गुंडाळली होती, स्वतः अडकवली होती. खिळ्यावरची वायर आपल्या पायानं चालत भिंतीतल्या भोकापर्यंत जात नसते.

बाहेर आली तर बाया टोपल्या खाली ठेवून उभ्या होत्या. त्यातली एक वयस्क बाई शेडकडं पाहत अगदी साध्या आवाजात म्हणाली, मिस्त्री कामावर आले. कोणी ओरडलं नाही, पळालं नाही. त्यांनी पदर खोचले, डबे उचलले आणि बांधावरून चालायला लागल्या. मी मागून भांडली, काय लावलं आहे हे, लाइटनं चालते ती मशीन, अडाणी आहात का. एकीनं वळून मला हात जोडले. तुमच्या घरचं आहे बाई, तुम्ही पाहा, म्हणाली. शेडजवळच्या झाडांचं फळ तसंच राहिलं.

मी वहिनीला विचारलं, तुम्ही शेडमध्ये जाता का? नाही म्हणाली, तिकडं फिरकतही नाही. तिच्यावर संशय घ्यावा असं माझ्या मनातही आलं नाही. त्या रात्री मी पंचशील म्हणत झोपली आणि सकाळी पहिल्या बसनं पांढुर्ण्याला परत गेली. चक्क पळाली. आठवडाभर ऑफिसात पंखा सुरू झाला तरी मी दचकत होती.

मग एका मधल्या वारी सुटी आली आणि मी न सांगता गेली. स्वतःलाच दोन शिव्या घातल्या, म्हटलं बाई, पाहून तरी घे काय आहे ते. बागेत शिरली तेव्हा मोटर बंद होती, म्हणजे लाइट गेलेली. घरात वहिनी नव्हती. मी शेडकडं वळली. दार अर्धं उघडं होतं.

वहिनी आत दादाच्या स्टुलावर बसली होती. हातात जुन्या लुगड्याचं कापड, आणि ती टेबल पुसून राहिली होती. घाई नाही, काही नाही. आडवी फळी पुसली, सनमायका पुसला, मग कापड बोटाभोवती घेऊन टेबलाच्या भोकात घातलं आणि पात्याच्या आजूबाजूचा भुसा काढू लागली. तिचं बोट पात्याला लागून फिरत होतं. पदर सुटून टेबलावर आलेला. हातात बांगड्या. समोरच्या भिंतीत प्लग लावलेला. टेबलाखालचं बटन तर दादानं कायमचं अडकवलेलंच होतं.

लाइट यायला वेळकाळ नसते. ती त्या क्षणी आली असती तर वहिनीचा हात राहिला नसता. पदर गुंडाळला असता तर गळाही राहिला नसता. माझ्या तोंडात आलेली किंचाळी मी दाबली, कारण दचकलेला हात कुठं जातो ते सांगता येत नाही. प्लग तिच्या पलीकडं होता. मी चपला काढल्या, दबकत तिच्या मागं गेली, आणि दोन्ही हातांनी तिचं मनगट धरून जोरात मागं ओढलं. स्टूल कलंडलं, आम्ही दोघी भिंतीवर आपटलो. कापड पात्यावरच राहिलं.

ती माझ्या हाताला हिसके द्यायला लागली. सोडा म्हणाली, काम बाकी आहे म्हणाली. मी तिचा पदर मुठीत धरला आणि सोडला नाही. तशीच थोडा वेळ आमची झोंबाझोंबी चालली. आणि विहिरीवर मोटर गुरगुरली.

टेबलावरचं कापड होतं, आणि मग नव्हतं. पात्यानं ते एका झटक्यात आत ओढलं, फटफट फटफट आवाज झाला, आणि चिंध्या उडून टिनावर आदळल्या. एक तुकडा पात्याला गुंडाळून फिरत राहिला, पण तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. दाराशी कुत्रा येऊन उभा राहिला. मी वहिनीकडं पाहिलं. तिला भीती वाटलेली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, नवऱ्याची गाडी फाटकाशी वाजली की बाईच्या तोंडावर येतं तसं. उभ्या जन्मात मी तेवढी कधी भ्याली नव्हती.

मी प्लग उपसला आणि बोलायला लागली. काय काय बोलली ते आता आठवत नाही. हात गेला असता, जीव गेला असता, लाइटवर चालते ती मशीन, त्यात दादा नाही, बीदा नाही, आपल्यात हे मानत नाहीत. ती ऐकत होती. हात गेला असता तर, असं मी पुन्हा म्हटलं तेव्हा ती म्हणाली, गेला त जाऊ द्या. एवढ्या सहज म्हणाली की मी तिचं मनगट परत धरलं.

मग ती बोलली. दादा गेल्यापासून एवढं एकदम पहिल्यांदाच.

"मले मालूम आहे बाई, लाइटनं चालते ते. मी काई येडी नाई. पन त्या दिवशी मशीन सुरू झाली अन् मी म्हटलं, लागले कामाले. त्या आवाजावर म्या सगळा सैपाक केला. मनात म्हटलं, आज दमही नाई घेऊन राह्यले. अन् ते त मांगं निंबाखाली पडले होते. मशीन चालू होती तवरक माह्यासाठी ते होतेच न? मंग ते गेले कवा? प्लग त म्याच काढला."

मी म्हटलं, वहिनी, असं नसतं.

"कसं असते मंग? मी कोनत्या टायमाले रडू, ते सांगा."

मला सांगता आलं नाही. मी ऑफिसात लोकांना दिवसभर तारखा सांगणारी बाई, पण ही एक वेळ मला माहीत नव्हती. तेव्हा कुठं मला कळलं की प्लग रोज कोण लावत होतं. ती मन भरेपर्यंत आवाज ऐकायची, मग दबकत जाऊन प्लग काढायची, आणि लाइट गेली की परत लावून यायची. आपण काढलेला प्लग परत लावत होती ती.

मशीन विकून टाकावी असं आधी मनात आलं. विकली असती तर वहिनी दुसऱ्या कशापुढं जाऊन बसली असती, विहिरीवरच्या मोटरीपुढं म्हणा, आणि मी काही तिच्या राखणीला रोज येऊ शकत नव्हती. मी नागपूरला फोन केला. दादा सामान घ्यायचा त्या दुकानवाल्याला सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की लाइट आली की मशीन आपोआप चालू होते. तो चिडलाच. म्हणाला, ताई, अशा मशीनले वेगळं बटन राह्यते, लाइट गेली की ते पडते, अन् लाइट आली तरी पडूनच राह्यते, मानसानं हिरवं दाबल्याशिवाय उठत नाही. ते लावल्याशिवाय मशीनपाशी उभं राहू नका. मी ते मागवलं. आलं तेव्हा वहिनीसमोर ठेवून समजावून सांगितलं. तिनं ते हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं, हिरवं, लाल, परत हिरवं. मग म्हणाली लावा, पण मी आल्याशिवाय दाबू नका.

रविवारी मी शेडमध्ये बसली. प्लग काढून डोळ्यासमोर टेबलावर ठेवला. दोन पाने घेतले, एकानं धरलं, दुसऱ्यानं सैल केलं, आणि पातं काढून डबीत टाकलं. त्या दिवशी कापायचं काही नव्हतं, मग पातं कशाला? भोकात अडकलेल्या चिंध्या चिमट्यानं वेचल्या. नवीन बटन टेबलाच्या पुढच्या कडेला बसवलं. लाल मोठं होतं, हात गुंतलेले असले तर गुडघ्यानंही दाबता यावं एवढं. त्यातून मशीनची वायर फिरवली, मग प्लग लावला. लाइट नव्हतीच. वहिनी आली आणि टेबलासमोर, दादा उभा राहायचा तिथं, उभी राहिली. आम्ही वाट पाहत राहिलो. ऊन टिनावर तडतडत होतं. 

मोटर गुरगुरली. बल्ब लागला. पाटात पाणी पडल्याचा आवाज आला. मशीन चालली नाही.

कुत्रा दारापर्यंत आला, कान टवकारून उभा राहिला, आणि परत जाऊन पडला. वहिनी तशीच. मला त्या शांततेची जी भीती वाटली ती त्या किंचाळीचीही वाटली नव्हती. टेबल, फळी, बल्ब, सगळं जागच्या जागी, आणि कोणी नाही. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हालवली. तिनं हिरवं दाबलं.

आवाज चढला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, मी घाई केली नाही. मग तिनं डोळे उघडले आणि आपल्या हाताकडं पाहिलं, अजून बटनाजवळच होता तो. थोडी थांबली. आणि लाल दाबलं.

मशीन एकदम थांबत नाही. किंचाळी उतरते, घूं होते, मग नुसती घरघर. वहिनी शेवटची घरघर संपेपर्यंत उभी राहिली. मग तिनं डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याकडं वळली. परगावाहून आत्ताच आलेल्या माणसाला सांगावं तसं तिनं सांगितलं.

"बाई, तुमचे दादा गेले."

माहीत आहे, असं मी म्हणणार होती. फोन तर उन्हाळ्यातच आला होता. पण म्हणता आलं नाही, कारण मला ते खरोखर आत्ताच कळलं होतं. इतके दिवस मी भांडत होती, प्लगशी, त्या बायांशी, वहिनीशी, मेलेल्या दादाशी, आणि भांडता भांडता तो मला जिवंतच राहिला होता. मी भुशात बसली. वहिनी माझ्याजवळ बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की कुत्रा भुंकायला लागला. मग मीही सोडून दिलं. माझा दादा गेला हो, असं मी ओरडून ओरडून म्हटलं, मला लाज वाटली नाही.

आवाज ऐकून शेजारच्या वावरातली बाई बांध ओलांडून धावत आली. दारात उभी राहून तिनं घाबरून विचारलं, काय झालं वं माय, कोन गेलं? वहिनीनं रडत रडत तिलाही सांगितलं. ती बाई जलदानाला आमच्याच घरी जेवून गेली होती. तरी तिनं हातातला विळा दाराबाहेर ठेवला आणि आमच्याजवळ येऊन बसली.